मर्मर ॲपमधला आणि पेशंटचा

मेडिसिनच्या वॉर्डात शिकवताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. हृदयाच्या ध्वनींच्या ॲपवर सगळे मर्मर अचूक ओळखणारी मुलं पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की गोंधळतात. धाप लागते म्हणून दाखल झालेल्या एका तरुण बाईच्या केसपेपरवर अशाच हुशार इंटर्नने ‘मर्मर नाही’ असं लिहिलं होतं. राउंडला आम्ही तिला डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि अपेक्सवर बेल हलकेच टेकवली. मायट्रल स्टेनोसिसची खोल गुरगुर तिथे होती. पुढे इकोने निदान पक्कं केलं.

हा मर्मर खालच्या पट्टीतला. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ती पट्टी नीट पेलत नाही. शिवाय ॲपमध्ये आवाज आयता, स्वच्छ मिळतो. वॉर्डात पंखा फिरत असतो, शेजारचा खोकत असतो आणि बेल नेमकी कुठे ठेवायची हे आपणच शोधायचं असतं.

जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये क्लिनिकल कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात करणं. पहिल्या दोन पायऱ्यांवर ॲप उत्तम सोबत करतं. पुढच्या दोन स्किल्स लॅबमध्ये आणि पेशंटजवळच चढाव्या लागतात.

म्हणून विद्यार्थ्यांनो, मर्मर चांगले हेडफोन लावून ऐका. पेशंट तपासून आलात की तोच आवाज पुन्हा लावा. दोन्हींतला फरक तेव्हा कळतो. सीपीआरच्या ॲपवर मिनिटाला 100 ते 120 दाबांचा ठेका जरूर बसवा, पण 5 ते 6 सेंटिमीटर दाब म्हणजे किती जोर, हे मॅनिकिनवरच शिका. ॲपने डोस काढलात तर वजन किलोतच भरलंय ना ते बघा आणि कागदावर गणित पडताळा. पेशंटचं रेकॉर्डिंग किंवा फोटो संमतीशिवाय घेऊ नका.

शिक्षकांनाही कळकळीची विनंती. 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला आहे. म्हणून नुसते ॲपवरचे गुण पाहून लॉगबुकवर सही करू नका. विद्यार्थ्याला पेशंट तपासताना स्वतः बघा, चुकला तर तिथेच दाखवा, पुन्हा करायला लावा आणि मगच सही करा.