शेकडा तीनचं व्याज आणि आजोबांचे शेअर

प्रश्न : आम्ही अमळनेर तालुक्यातले शेतकरी. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नासाठी ओळखीच्या एकाकडून शेकडा तीन रुपयांनी दोन लाख घेतले. त्याने सही केलेला कोरा चेक ठेवून घेतला आहे. दर महिन्याला सहा हजार व्याज देतो. कापूस विकला की मुद्दल फेडू म्हणतो, पण दोन हंगाम गेले आणि मुद्दल जसंच्या तसं आहे. घरात आजोबांनी घेतलेले विप्रोचे शेअर आहेत. काही माझ्या डीमॅट खात्यात, काही कागदी, वारलेल्या वडिलांच्या नावावर. आई म्हणते, एक वेळ दागिने मोड, पण शेअरला हात लावू नको. काय करावं?

उत्तर : आईंचं म्हणणं निव्वळ हट्ट समजू नका. १९४५ साली तुमच्याच अमळनेरात महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली, तिचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्या घरांनी तेव्हाचे शेअर विकले नाहीत त्यांचं भलं झालं, हे आईंनी डोळ्यांनी पाहिलं आहे. अमळनेरात ‘शेअर विकू नये’ हा अनुभवाचा बोल आहे. मात्र त्या घरांना शेअर सांभाळण्यासाठी व्याज भरावं लागत नव्हतं. तुम्हाला लागतं आहे.

शेकडा तीन ऐकायला बारीक वाटतं, कारण आपण ते महिन्याचं बोलतो. वर्षाचे ते ३६ टक्के. दोन वर्षांत तुम्ही १ लाख ४४ हजार रुपये दिले आणि दोन लाख अजून उभेच आहेत. शेअर न विकणं परवडायचं तर ते दरवर्षी ३६ टक्क्यांहून जास्त वाढायला हवेत, आणि तशी हमी कोणत्याच कंपनीचा शेअर देत नाही. त्यामुळे माझं स्पष्ट मत : डीमॅटमधले दोन लाखांपुरते शेअर विका आणि हे कर्ज याच महिन्यात संपवा. बाकीचे आजोबांची आठवण म्हणून खुशाल ठेवा.

कराची भीती घालणारे भेटतील. वारसाने आलेल्या शेअरला आजोबा-वडिलांनी सांभाळलेला काळही मोजला जातो, म्हणजे नफा दीर्घकालीन ठरतो. एका आर्थिक वर्षात असा सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. सगळेच्या सगळे दोन लाख नफा धरला तरी कर दहा हजारांच्या आत राहतो. तुमच्या दोन महिन्यांच्या व्याजाहून कमी! नेमका आकडा सीएकडून काढून घ्या, कारण ३१ जानेवारी २०१८ पूर्वीच्या शेअरना त्या दिवशीचा भाव खरेदीसाठी धरता येतो, तर त्यानंतर मिळालेल्या बोनसची खरेदी किंमत शून्य असते.

आई अजिबात ऐकत नसतील तर दुसरा रस्ता त्यांनीच दाखवला आहे. दागिने मोडू नका, बँकेत तारण ठेवा. व्याज वर्षाला दहा टक्के धरलं, तर आज देता तेच सहा हजार हप्ता म्हणून भरून मुद्दलासकट कर्ज साधारण सव्वातीन वर्षांत फिटतं. फक्त मासिक हप्त्याचं कर्ज मागा. वर्षाअखेरीस एकदम भरायचं कर्ज घेतलंत तर पुन्हा कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसाल. सोनं गहाण ठेवलं की अब्रू जाते असं आपल्याकडे मानतात, म्हणून माणसं गुपचूप खासगी कर्ज काढतात. ही समजूत मला फार घातक वाटते. बँकेच्या कर्जाला निदान पावती असते.

तुमच्या कर्जाला ती नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकारीला परवाना लागतो आणि परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. म्हणजे दोन लाखांना महिन्याला दोन हजार. हा माणूस इतरांनाही व्याजाने पैसे देत असेल आणि परवाना नसेल, तर तो गुन्हा आहे. शिवाय बिनपरवाना सावकाराला वसुलीसाठी कोर्टातून हुकूमनामाही मिळत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, नाहीतर जळगावला जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करता येते. तक्रार करायची नसेल तरी फेड बँकेतूनच करा, कोरा चेक हातात घ्या आणि ‘काही येणे नाही’ असं त्याच्या सहीनं लिहून घ्या. आजवरचं व्याज रोखीनं दिलं असेल तर तारखा आठवून आजच वहीत मांडा.

कागदी शेअर वाट पाहू शकतात, पण विसरू नका. लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नाही तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. गेले असले तरी वारसाला परत मिळतात. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन आधी कंपनीच्या निबंधकाकडे, म्हणजे केफिन टेक्नॉलॉजीजकडे, अर्ज करा. टक्केवारीवर काम करून देतो म्हणणाऱ्या एजंटला दारात उभं करू नका.

प्रश्न : आईला निवृत्तीचे आठ लाख मिळाले. धुळ्यात आमच्या ओळखीची पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते. ठेवावेत का?

उत्तर : नको. बँक बुडाली, सहकारी असली तरी, प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा लागू नाही, मग संचालक कितीही जवळचे असोत. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमावा लागला. ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षं अडकून पडले, त्यांत निवृत्तांच्या ठेवी होत्या. आठ लाखांवर दोन टक्के म्हणजे वर्षाला सोळा हजार. त्यासाठी आईचं म्हातारपण पणाला लावू नका. दोन वेगळ्या बँकांत चार-चार लाख ठेवा, किंवा वय साठ पूर्ण असेल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या. तिचं व्याज दर तिमाहीला हातात येतं.