पगारातील दोनशे रुपये

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. समजा, त्यांतील एका कामगाराचा मासिक पगार १५,००० रुपये आहे. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यान्वये त्यातून २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. दिवसाचे ५०० रुपये धरल्यास ही जवळजवळ अर्ध्या दिवसाची मजुरी झाली. ६०,००० रुपये मिळविणाऱ्या अधिकाऱ्यासही कर २०० रुपयेच! घटनेच्या २७६ व्या कलमानुसार हा कर वर्षास २,५०० रुपयांहून अधिक घेता येत नाही. मोठ्या पगारावर तो वाढणार कसा?

२०२२ पासून १२,००० रुपयांखालील पगारास माफी आहे. ही सवलत योग्यच. पण विद्यार्थ्यांनो, हिशेब करून पाहा : पगार ११,९५० वरून १२,०५० झाला, की हाती ११,८५० पडतात.