प्लीहा, ओल आणि जिभेवरचा थर

आयुर्वेदाची पदवी घेऊन मी चेंगदूला चिनी वैद्यक शिकायला गेले. आता इथले विद्यार्थी त्या परिभाषेविषयी विचारतात, तेव्हा त्यांना जे सांगते तेच इथे मांडते.

१. अवयवाचं नाव ऐकून शवविच्छेदनाचं टेबल आठवू नका.
'पि' म्हणजे प्लीहा. पण चिनी ग्रंथांनी तिच्यावर सोपवलेलं काम पचनाचं आहे. अन्नातलं सार काढून वर पाठवायचं, शरीरातलं पाणी हलतं ठेवायचं, रक्त वाहिन्यांत धरून ठेवायचं. ती थकली की 'ओल' साचते. मग अंग जड होतं, शौचाला पातळ होते, जेवल्यावर सुस्ती येते, जीभ फुगून कडांवर दातांचे ठसे उमटतात. शस्त्रक्रियेत प्लीहा काढून टाकलेल्या माणसालाही 'पि अशक्त' असं निदान मिळू शकतं, कारण बोलणं कार्याविषयी चाललेलं असतं. चेंगदूची हवा ढगाळ आणि दमट. मिरची आणि हुआज्याओ खाल्लं की अंगातली ओल जाते, असं तिथे घरोघरी ऐकायला मिळतं. हुआज्याओ म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातल्या तिरफळाचंच भावंड.

२. 'उष्णता' दिसली की लगेच थंड औषध देऊ नका.
तोंड आलं, घसा धरला की चिनी माणूस 'शांग हुओ' म्हणतो, म्हणजे आग वर चढली. 'उष्णता झाली' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे लगेच कळतं. पण यांग, म्हणजे शरीराची उष्ण बाजू, वाढल्याने आलेली उष्णता वेगळी आणि यिन, म्हणजे गारवा-ओलावा देणारी बाजू, आटल्यामुळे भासणारी वेगळी. दुसरीत दुपारनंतर अंग तापतं, रात्री घाम फुटतो, तळहात-तळपाय जळजळतात, जीभ लाल असून तिच्यावर थर जवळजवळ नसतो. तिथे आग विझवायची नसते, आटलेलं भरून काढायचं असतं. माझ्या मते यिन-यांगाचा खरा उपयोग इथे कळतो. काळ्या-पांढऱ्या वर्तुळाचं चित्र पाहून तो कळत नाही.

३. रोगाच्या नावाआधी 'झंग' शोधा.
झंग म्हणजे त्या घटकेला दिसणाऱ्या लक्षणांची एकत्र जुळणी. सर्दीचे दोन रोगी घ्या. एकाला थंडी जास्त, घाम नाही, जिभेवर पातळ पांढरा थर: हा 'वारा-थंडी'. त्याला माहुआंग, दालचिनीच्या डहाळ्या अशी उष्ण औषधं. दुसऱ्याला ताप जास्त, घसा दुखतो, थर पिवळट: हा 'वारा-उष्णता'. त्याला हनिसकलच्या कळ्या आणि फोर्सिथियाची फळं. उलट, दोन वेगळ्या रोगांत झंग एकच निघाला तर औषधही एकच असू शकतं.

४. जीभ घासून आलेल्या रोग्याची जीभ वाचू नका.
कॉफी, हळद, रंगीत गोळ्या यांनीही थराचा रंग बदलतो. नाडीला वेळ द्या: दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागा, आणि प्रत्येक जागी बोटाचा दाब हलका, मध्यम, खोल.

५. त्रिदोषांशी जोड्या लावू नका.
ओल म्हणजे कफ, आग म्हणजे पित्त, असं कोष्टक परीक्षेपुरतं सोयीचं वाटतं आणि रोग्यासमोर फसवतं. पंचमहाभूतांत लाकूड आणि धातू नाहीत, चिनी पाच तत्त्वांत आहेत. त्या पाचांचा भर द्रव्यापेक्षा गतीवर आहे: कोण कोणाला जन्म देतं, कोण कोणाला आवरतं. यकृत लाकडाचं, प्लीहा मातीची आणि लाकूड मातीला आवरतं, म्हणून राग दाबून ठेवणाऱ्याचं पोट बिघडलं की ते यकृताचं प्लीहेवरचं आक्रमण मानतात.

६. जुन्या ग्रंथांना प्रश्न विचारा, आणि उत्तर प्रयोगशाळेत तपासा.
चौथ्या शतकातल्या ग हुंगच्या पुस्तकात तापावर छिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यायला सांगितलं आहे. चिनी संशोधक तू योयो यांनी त्यावरून ओळखलं की उष्णतेने गुण नष्ट होत असावा. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरने अर्क काढला. त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं आणि 2015 साली नोबेल.

७. वनस्पतीचं लॅटिन नाव लिहिल्याशिवाय औषध देऊ नका.
नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत स्टेफानियाऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया गेलं. चिनी बाजारात दोन्हींच्या नावात 'फांगजी' येतं. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. बाहेरून चिनी औषध घेणारा रोगी आला की मी आधी पुडीवरचं नाव वाचते, मग क्रिएटिनिन तपासायला पाठवते. नाडी त्यानंतर.