पोस्टमनला सापडेल असा पत्ता

इंटरनेटवर लिहिणाऱ्याला जाहिरातींचे पैसे मिळण्याआधी गूगलचं एक कागदी पत्र घरी यावं लागतं. अ‍ॅडसेन्सच्या खात्यावर १० डॉलर जमा झाले की आपण दिलेल्या पत्त्यावर सहा आकडी पिन छापलेलं पत्र निघतं. तो पिन खात्यात भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. कणकवली तालुक्यातल्या आमच्या गावात बसून मी मालवणी जेवणाबद्दल लिहिते. माझ्या पाठोपाठ आसपासच्या गावांतल्या काही मैत्रिणीही लिहू लागल्या. त्यांची पत्रं येईपर्यंतची घालमेल मी जवळून पाहिली आहे.

१. पत्ता पोस्टमनसाठी लिहावा. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरचा घर क्रमांक खरा असतो, पण वाड्यांमध्ये विखुरलेल्या गावात त्यावरून घर सापडत नाही. वाडीचं नाव हवं, जवळच्या देवळाची किंवा शाळेची खूण हवी. ‘मु. पो.’ सवयीने एकत्र लिहितो, तेही जपून. कित्येक गावांना स्वतःचं पोस्ट नसतं, टपाल शेजारच्या गावातून येतं. तिथे मुक्काम एक आणि पोस्ट दुसरं, असं वेगवेगळंच लिहायला हवं. पिनकोडचंही तसंच. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. तिच्यातले शेवटचे तीन आकडे टपाल वाटणारं पोस्ट ऑफिस दाखवतात. म्हणून तालुक्याच्या गावाचा ठाऊक असलेला पिनकोड ठोकून देऊ नये, आपल्याच पोस्टात विचारावं. पत्ता इंग्रजीत भरायचा असेल तर वाडीचं स्पेलिंगही तिथल्या डाकसेवकाला वाचून दाखवावं. त्यांना ते चटकन कळलं, तर ते बरोबर.

२. बायकांनी ‘केअर ऑफ’ लिहायला लाजू नये. खातं माहेरच्या नावावर आणि गावात ओळख सासरच्या आडनावाने, हे आपल्याकडे घरोघरी आहे. पहिल्या ओळीत खातेदाराचं नाव आणि दुसऱ्या ओळीत गाव ज्याला ओळखतं त्या घरातल्या माणसाचं नाव, एवढ्याने पत्र दारात येतं. स्वतःच्या नावाची कमाई स्वतःच्याच नावावर राहते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

३. शिकायला किंवा नोकरीला पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांनी गावच्या घराचा पत्ता द्यावा, असं माझं ठाम मत आहे. अट एवढीच, की घरी टपाल जपून ठेवणारं कुणीतरी हवं. अकरा महिन्यांच्या करारावरच्या खोलीत पत्र पोचेपर्यंत आपण तिथे असूच असं नाही, आणि सोसायटीच्या जिन्याखालच्या पेटीत पडलेलं पत्र कुणीही उचलतं.

४. कागदपत्रं आधी जुळवून ठेवावीत. पत्त्याच्या आधी बहुधा ओळखीची तपासणी होते. तिथे पॅन कार्ड चालतं, पण पॅनवर पत्ता नसतो. त्यामुळे पुढे पत्त्याचा पुरावा द्यायची वेळ आली तर त्याचा उपयोग नाही. आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक तिन्ही शेजारी ठेवून नाव वाचावं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, तिसरीकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळलेलं. हे १० डॉलर होण्याआधीच निस्तरलेलं बरं.

५. पत्र साध्या टपालाने येतं. त्याला स्पीड पोस्टसारखा नंबर नसतो, त्यामुळे ते कुठवर आलंय ते कळत नाही. दोन ते चार आठवडे धरून चालावं. या काळात एकच काम करायचं: पोस्टात जाऊन, असं छोटं, कडा चिकटवलेलं पत्र येणार आहे, असं सांगून यायचं. जाहिरातीचा कागद वाटून असली पत्रं बाजूला पडतात. तीन आठवडे उलटले की दुसरं पत्र मागता येतं, अशी आणखी तीनदा सोय आहे. प्रत्येक पत्रात पिन तोच असतो. म्हणून उशिराने जुनं पत्र हाती आलं तरी ते फेकू नये.

६. पिन भरताना घाई नको. तीनदा चुकला तर जाहिराती दिसणं थांबतं. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तपासणी झाली नाही, तरीही तेच होतं. सगळी पत्रं मागूनही काहीच आलं नाही, तर खात्यावरच्या पत्त्याशी जुळणारा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र पाठवून मार्ग निघतो. ‘पैसे द्या, पिन मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवावं. पत्र फुकट येतं, आणि तो पिन कुणाला सांगायचा नसतो.

७. पिन भरला म्हणजे लगेच पैसे आले असं नव्हे. खात्यावर १०० डॉलर व्हावे लागतात. ते झाले, की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान रक्कम निघते. परदेशी रक्कम घ्यायला शाखेचा स्विफ्ट कोड लागतो. गावातल्या लहान शाखेला तो नसेल, तर रक्कम कुठल्या शाखेमार्फत येईल आणि त्यावर किती शुल्क कापलं जाईल, हे व्यवस्थापकांकडून लिहून घ्यावं. पत्राची वाट पाहण्याच्या दिवसांत हे काम सहज उरकतं.