जाळी मोठी, तर पिकअप मोठा?

प्रश्न : माझ्याकडे २०१६ ची स्कोडा ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय, डीएसजी आहे. गेल्या वर्षी स्टेज वन रिमॅप करून घेतला. सकाळी गाडी सुसाट पळते. पण एप्रिल-मेच्या दुपारी वैभववाडीहून करूळ घाट चढताना अर्ध्यातच पिकअप मरतो. मित्र म्हणतात, मोठा इंटरकूलर टाक. परदेशी किट महाग आहे. उद्यमनगरातला एक कारागीर निम्म्या पैशांत बनवून देतो म्हणतो. काय करू? आणि एक शंका : याला ‘इंटर’कूलर का म्हणतात? हा नेमका कशाच्या मध्ये असतो?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचं उत्तर तुमच्या उद्यमनगरातच आहे. कुठल्याही वर्कशॉपमधला दोन टप्प्यांचा एअर कॉम्प्रेसर बघा. मोठ्या सिलिंडरमधून निघून लहान सिलिंडरकडे जाणारी, पात्या लावलेली एक नळी दिसेल. पहिल्या टप्प्यात दाबून तापलेली हवा दुसऱ्या टप्प्याआधी निववणारी ती नळी म्हणजे खरा इंटरकूलर. गाडीत दाबाचा टप्पा एकच, टर्बोचा. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर तुमच्या गाडीतला तो ‘आफ्टरकूलर’. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

हवा दाबली की तापते, हे सायकलला हवा भरताना पंपाचं बूड ज्याच्या हाताला लागलं आहे त्याला सांगायला नको. टर्बो तेच करतो, फक्त फार जोरात. बाहेर ३५ अंशांची दुपार आहे आणि टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला असं धरा. टर्बोची कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या आसपास मानली, तर त्यातून निघणारी हवा १३० अंशांची असते. म्हणजे उकळत्या पाण्याहून गरम. इंटरकूलर नसेल तर हीच हवा इंजिनात जाणार.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाचा हिशेब मांडू. टर्बोने चढवलेल्या ९५ अंशांपैकी ७० टक्के उष्णता कंपनीचा इंटरकूलर काढून टाकतो असं समजा. मग इंजिनात जाणारी हवा ६४ अंशांची झाली. तुम्ही ८५ टक्के काढणारा उत्तम इंटरकूलर बसवलात, तर ती होईल ४९ अंशांची. फरक १५ अंशांचा. तेवढ्याने हवा पावणेपाच टक्के दाट होते. बस्स, एवढंच. लाखाच्या घरातली इंटरकूलरची जाळी आणि हाती पाच टक्के हवा.

तीही हातात राहील याची खात्री नाही. जाळीच्या बारीक वाटांमधून जाताना हवेचा दाब थोडा पडतो. नव्या जाळीत तो जुनीपेक्षा ०.१ बार जास्त पडला, तर दोन बारातला तो पाच टक्केच झाला. गार करून जे कमावलं ते दाबात गेलं. वरून ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) इंजिनाशी ठरलेला दाब हवा असतो, म्हणून तो टर्बोला आणखी पळवणार आणि टर्बो हवा आणखी तापवणार. म्हणून विकणाऱ्याला जाळीची लांबी-रुंदी विचारण्याआधी विचारा : इतक्या हवेला दाब किती पडतो? आकडा सांगता आला नाही आणि त्याने नुसतं ‘डबल साइज आहे साहेब’ म्हटलं, तर चहा पिऊन घरी या.

मग फरक एवढाच असेल तर दुपारी घाटात गाडी एवढी का मरते? कारण मार बसतो तो हवेच्या दाटपणापेक्षा ठिणगीच्या वेळेवर. गरम हवेत पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटू पाहतं, त्यालाच नॉकिंग म्हणतात. ते ऐकू आलं की ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद झटकन खाली येते. रिमॅपने, ईसीयूचा प्रोग्राम बदलून, दाब वाढवला, म्हणजे कंपनीने ठेवलेली मोकळी जागा आधीच वापरून टाकली. सकाळी २० अंशांत निभतं, दुपारी ३८ अंशांत निभत नाही. म्हणजे इंटरकूलर ताकद वाढवत नाही, असलेली जाऊ देत नाही. हा भेद एकदा लक्षात आला की अर्ध्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

घाटाचं गणित तर आणखी वेगळं आहे. १८० पीएसचं इंजिन पूर्ण जोरात चालतं तेव्हा इंटरकूलरला साधारण ९ किलोवॅट उष्णता बाहेर फेकावी लागते, म्हणजे न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे साडेचार गीझर. हायवेवर समोरून धो-धो वारा येतो, तो ही उष्णता उचलतो. घाटात तुम्ही ताशी तीस-चाळीसने, पुढे उसाचा ट्रक किंवा एसटी, पाय खाली दाबलेला आणि वारा नावालाच. आता तुमच्या गाडीत तो बसवलाय कुठे ते बघा : पुढे एसीचा कंडेन्सर, मागे इंजिनाचा रेडिएटर आणि दोघांच्या मध्ये सँडविचमधल्या काकडीसारखा हा. (घ्या, ‘इंटर’ नाव इथे मात्र खरं ठरलं!) मे महिन्यात एसी चालू असताना कंडेन्सरमधून येणारा वाराच तापलेला असतो. आणि इंटरकूलर हवेला अंगावरच्या वाऱ्यापेक्षा गार करूच शकत नाही.

म्हणून जाळीचा प्रकार निवडताना तव्याची आठवण ठेवा. बाजारात मुख्यत्वे दोन घडणी मिळतात. एक हलकी, पातळ नळ्या आणि पत्र्याच्या पात्यांची, ट्यूब अँड फिन. दुसरी जाड पट्ट्यांची, वजनदार, बार अँड प्लेट. दुसरी जाड तव्यासारखी : तापायला वेळ लावते, निवायलाही. सहा किलो ॲल्युमिनियम एका अंशाने तापवायला साडेपाच किलोज्यूल लागतात. म्हणून दहा सेकंदांचा जोराचा धक्का ती सहज पोटात घेते, सोळा-सतरा अंशांनी तापून. ड्रॅग रेसवाले तिच्यावर खूश असतात ते यामुळेच. पण दहा-पंधरा मिनिटांच्या चढात एकदा तापलेला जाड तवा तापलेलाच राहतो. तिथे कामी येतो वारा, आणि वाऱ्याला सामोरं जाणारं क्षेत्रफळ. अति जाड जाळीत मागच्या भागाला पुढच्या भागाने तापवलेलाच वारा मिळतो. शिवाय मागच्या रेडिएटरचा श्वास कोंडतो. तुमच्या उपयोगासाठी मी मध्यम जाडीची, पण उंची-रुंदीने मोठी जाळी घेईन, आणि चारही बाजूंच्या फटी फोमने बंद करीन, म्हणजे वारा बाजूने पळणार नाही. हे फोमचं काम शे-दोनशे रुपयांचं आहे आणि बहुतेक लोक ते विसरतात.

‘मोठ्या इंटरकूलरने लॅग वाढतो’, म्हणजे पाय दाबल्यावर जोर उशिरा येतो, असं कुणी घाबरवेल. ढोबळ हिशेब करू. नव्या जाळीत आणि पायपिंगमध्ये पाच लिटर जागा वाढली. तुमचं इंजिन ३००० आरपीएमला दुप्पट दाबाने सेकंदाला बाहेरची ९० लिटर हवा गिळतं. ती पाच लिटर जागा भरायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. लॅग जाणवतो तो टर्बोला वेग पकडायला लागणाऱ्या वेळाचा, नाहीतर गळक्या पाइपचा.

गळक्या पाइपवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाडीला आम्ही हौसेने जाळी लावली, बंपरची आतली बाजू कापली, आणि आठवड्याने आंबा घाटात गाडी बैलगाडी झाली. दोष जाळीचा नव्हता. होजची एक क्लिप तेलकट नळीवरून सरकली होती. हाच दोष नव्या जाळीआधी तुमच्याही गाडीत असू शकतो. तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी टर्बोपासून इंजिनापर्यंतचा मार्ग स्मोक टेस्टने तपासा. जाळीच्या पात्यांत अडकलेले किडे, चिखल, चिपाडाचा भुसा पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोराच्या पंपाने पात्या वाकतात. रिमॅप ज्या ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिला, तेच टाकीत असतं का, हेही विचारा.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या मित्रांनी सांगितली नसावी. तुमचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे, आणि कंपनीचं इंजिन नेमका तेवढाच टॉर्क देतं. रिमॅपने तुम्ही ती मर्यादा आधीच ओलांडली असणार. ट्रकमागे रांगत घाट चढताना क्लच तापतो आणि गिअरबॉक्स स्वतःला वाचवण्यासाठी इंजिनाला आवरतो. ‘पिकअप मेला’ ही तक्रार कधी कधी इथली असते. तसं असेल तर कितीही गार हवा दिलीत तरी फरक पडणार नाही.

तेव्हा आधी मोजा. ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथचा डोंगल स्वस्तात मिळतो. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, स्वतः रस्त्यावर बघा. त्याला तीन आकडे लिहायला सांगा : बाहेरचं तापमान, इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान आणि ठिणगी मागे घेतली जाते का. हवेचा सेन्सर हवेच्या वाटेत इंटरकूलरच्या आधी आहे की नंतर, हे एकदा पक्कं करून घ्या. नाहीतर टर्बोची गरम हवा बघून उगाच छाती दडपेल. माझा अंदाजाने ठरवलेला नियम असा : घाटात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंश जास्त दिसले आणि वळणावर पाय उचलताच उतरले, तर कंपनीची जाळी ठीक आहे. तीस-पस्तीसने वर जाऊन तिथेच बसत असतील आणि ठिणगी मागे येत असेल, तर नवी जाळी घ्या. त्या गाडीला ती खरंच लागते.

जाता जाता, इंटरकूलर बसवायच्या जागेचा झगडा नवा नाही. पोर्शने १९७८ मध्ये ९११ टर्बोला पहिल्यांदा इंटरकूलर दिला, तेव्हा इंजिन मागे असल्यामुळे तो मागच्या पंखाखाली घालावा लागला. आपल्याकडे पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवरची ती नाकपुडी पुढाऱ्यांच्या ताफ्यात रुबाबाची खूण झाली. खरं तर तिच्याखाली इंजिनावर आडवा झोपवलेला इंटरकूलर होता. आणि ज्यांच्याकडे स्लाविया किंवा व्हर्टसचं १.० टीएसआय इंजिन आहे, त्यांनी हे सगळं आपल्याला लागू करू नये : तिथे इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आणि पाण्याने गार होणारा आहे. त्याचा पंप आणि छोटा रेडिएटर नीट चालतो का, हे आधी बघायचं.

आता उद्यमनगरातला कारागीर. कोल्हापूरच्या हातावर माझा विश्वास आहे, पण हे काम रेडिएटरचं नाही, दाबाचं आहे. तयार जाळी चांगल्या दर्जाची विकत आणून फक्त दोन्ही टोकांच्या टाक्या त्याच्याकडून बनवून घ्या. टाकी आतून गोलाईदार हवी. चौकोनी डबा केला तर हवा एका कोपऱ्यात धडकते आणि अर्धी जाळी रिकामी राहते. आर्गन वेल्डिंग मारून झालं की आतली ॲल्युमिनियमची चूर पुन्हा पुन्हा धुऊन, हवा मारून काढायला लावा. राहिलेली प्रत्येक कपची थेट इंजिनात जाते. मग दोन्ही तोंडं बंद करून, दोन बार हवा भरून, पाण्याच्या हौदात बुडवा. त्या वेळी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. बुडबुडा दिसला तर पैसे देण्याआधीच दाखवा.

विम्याच्या कंपनीला बदल कळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळ्या बदलांबाबत कडक आहे, आणि बंपर कापला तर तो आरटीओच्या डोळ्यांत पहिला भरतो. मूळ जागीच बसणारी जाळी मिळत असेल तर तीच घ्या. जुनी मोडीत देऊ नका, माळ्यावर ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक हमखास ती मागतं.