सार्वजनिक पैसा : एक अमानत

अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करा, असा आदेश दिव्य कुरआनच्या सूरह अन्निसामध्ये (आयत ५८) आहे. अमानत म्हटले की विश्वासाने ठेवायला दिलेले दागिने किंवा रक्कम आपल्याला आठवते. परंतु बदलापुरात आपण नगरपरिषदेकडे भरतो ती घरपट्टी हीसुद्धा अमानतच होय. तिच्यावर शहरातील प्रत्येक रहिवाशाचा हक्क आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

उधळपट्टीच्या संदर्भात कुरआनात दोन शब्द येतात. वैध कामातही मर्यादा ओलांडून खर्च करणे म्हणजे इसराफ. आणि जेथे खर्च करणे योग्यच नाही तेथे पैसा उधळणे म्हणजे तब्जीर. गरज नसताना भव्य कमान उभारणे किंवा नुकताच केलेला रस्ता जलवाहिनीसाठी पुन्हा खोदणे, यांना दुसरे कोणते नाव द्यावे?

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी इब्नुल्लुत्बिया नावाच्या व्यक्तीला जकात वसुलीसाठी पाठविले होते. परतल्यावर त्यांनी काही माल भेट मिळाला म्हणून बाजूला ठेवला. पैगंबरांनी (स.) त्यांच्याकडून हिशोब घेतला आणि मिंबरवरून सर्वांसमोर विचारले, की हा मनुष्य आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर त्याला या भेटी मिळाल्या असत्या काय? ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पदावरील माणसाकडे हिशोब मागणे हा त्याचा अपमान नव्हे, हाच तिचा बोध आहे.

आपल्याच ठाणे जिल्ह्यातील उदाहरण पाहा. मुरबाड तालुक्यात काळू नदीवरील धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीपूर्वीच सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबविले. सामान्य माणसांनी प्रश्न विचारला, म्हणूनच हे घडले.

मात्र चहाच्या टपरीवर ‘सगळेच खातात’ असे म्हणणे म्हणजे हिशोब मागणे नव्हे. सूरह अल्हुजुरात बातमीची शहानिशा करण्यास सांगते (आयत ६) आणि गैरसमजापासून रोखते (आयत १२). शहानिशेचा मार्ग माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने खुला केला आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. उत्तर न मिळाल्यास अपील करता येते. कामाच्या अंदाजपत्रकाची व देयकांची प्रत मागता येते. एवढेच नव्हे, तर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही नागरिकाला आहे.

पुराव्याविना आरोप करणे हा अन्याय आहे आणि पुरावा मिळूनही गप्प बसणे हाही अन्यायच आहे. मशिदीच्या वर्गणीचा हिशोब आपण नमाजींसमोर मांडतो काय? सुरुवात तेथून करू या, म्हणजे सरकारी खात्याला प्रश्न विचारताना आपला आवाज कापणार नाही.

अल्लाह आपणा सर्वांना अमानतीची जाण आणि सत्य बोलण्याचे धैर्य देवो. आमीन.