आंघोळीचं पाणी : चुलीपासून सौर बंबापर्यंत

विषय : विज्ञान (उष्णता) आणि परिसर अभ्यास
कोणासाठी : इयत्ता सातवी ते दहावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक



डिसेंबर महिना. पहाटेचे साडेपाच. केळापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावात या वेळी गेलात, तर अंगणाअंगणांतून धूर निघताना दिसेल. चुलीवर मोठा गंज चढलेला असतो, खाली पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या पेटलेल्या असतात आणि शेजारी आई किंवा आजी फुंकणी घेऊन बसलेली असते. हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाचंही नाही. हे आंघोळीचं पाणी.

आता एक गोष्ट नीट बघा. यातल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकाला गॅस आला आहे. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली आणि त्यानंतर गावोगावी सिलिंडर पोचले. तरी आंघोळीच्या पाण्यापुरती चूल राहिलीच. कारण साधं आहे. बादल्याच्या बादल्या तापवायला गॅस जाळणं कोणाला परवडत नाही आणि पऱ्हाटी तर शेतातच आहे, ती "फुकट" आहे. ती खरंच फुकट आहे का, हे आजच्या पाठात आपण बघू. मग पाणी तापवायची कोणती पद्धत कोणत्या घराला बरी, हे ठरवू. पण दुकानात जायच्या आधी वही-पेन घेऊन बसू.

1. आधी हिशेब : किती उष्णता लागते?

विज्ञानात तुम्ही शिकला आहात, 1 लिटर पाण्याचं तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढवायला 1 किलोकॅलरी उष्णता लागते. एवढ्या एका वाक्यावर आपला सगळा हिशेब होतो.

घरात पाच माणसं. प्रत्येकाला 15 लिटरची एक बादली. एकूण 75 लिटर. पहाटे टाकीतलं पाणी 18 अंशांचं आहे आणि आपल्याला ते 43 अंशांचं हवं आहे, असं धरू. म्हणजे वाढ 25 अंशांची.

75 × 25 = 1875 किलोकॅलरी.

ही झाली पाण्याची गरज. ती बदलत नाही, मग तुम्ही लाकूड जाळा, गॅस जाळा किंवा वीज वापरा. बदलतं ते एकच : वाटेत किती उष्णता वाया जाते.

2. तीच बादली, वेगवेगळी साधनं

*उघडी चूल.* एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण 3500 किलोकॅलरी उष्णता असते. पण उघड्या चुलीत त्यातली फक्त 10 ते 15 टक्के गंजातल्या पाण्यापर्यंत पोचते. बाकीची वाऱ्यावर जाते, चुलीच्या मातीत मुरते, धुरासोबत उडून जाते. त्यामुळे आपल्या 75 लिटरला रोज साडेतीन ते साडेपाच किलो सरपण लागतं. थंडीचे 120 दिवस धरले तर सव्वाचार ते साडेसहा क्विंटल! कापसाचं क्विंटल मोजणाऱ्या आपल्या भागात हा आकडा काय असतो, ते वेगळं सांगायला नको.

*गॅसची शेगडी.* एक किलो गॅसमध्ये सुमारे 11000 किलोकॅलरी असतात आणि शेगडीवर त्यातल्या साठ-पासष्ट टक्के कामी येतात. रोज पाव किलोपेक्षा थोडा जास्त गॅस लागेल. 14.2 किलोचं एक सिलिंडर फक्त आंघोळीच्या पाण्यावर पन्नासेक दिवसांत संपेल.

*विजेचा रॉड किंवा गीझर.* विजेचं 1 युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. 1875 ला 860 ने भागा. उत्तर येतं सुमारे 2.2 युनिट रोज, महिन्याला 65 युनिट.

इथे पुष्कळांचा एक समज असतो की रॉड वीज "खातो" आणि गीझर वाचवतो. तसं नाही. रॉड बादलीत बुडालेला असल्यामुळे त्याची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. 1500 वॅटचा रॉड 15 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला साधारण 18 मिनिटं घेतो. रॉडची अडचण विजेची नसून जिवाची आहे. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून "तापलं का" बघणं म्हणजे मरणाला हात लावणं. बटण बंद करा, प्लग काढा, मगच पाण्याला हात लावा. आणि लहान मूल खेळत असेल तिथे रॉड लावूच नका.

साठवणीच्या गीझरमध्ये मात्र एक छुपी गळती असते. दिवसभर चालू ठेवला तर पाणी थंड होतं, तो पुन्हा तापवतो, पुन्हा थंड होतं. गीझरवर जे तारांकन चिकटवलेलं असतं ते याच गळतीचं मोजमाप असतं. तारे जास्त म्हणजे टाकीचं आवरण चांगलं आणि गळती कमी. पण पाच ताऱ्यांचा गीझरसुद्धा विनाकारण चालू ठेवला तर बिल वाढवणारच. आंघोळीच्या अर्धा तास आधी लावा आणि बंद करा. तापमानाची खुंटी 50 अंशांच्या आसपास ठेवा. 70 अंशांवर तापवून त्यात पुन्हा थंड पाणी मिसळण्यात काही अर्थ नाही.

अजून एक. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांत असतं, 100 युनिटपर्यंत एक दर आणि पुढे वरचा दर. तुमचा वापर 80 युनिट असेल आणि त्यात 65 युनिटची भर पडली, तर 100 च्या पुढची युनिटं वरच्या दराने पडतात. म्हणून हिशेब करताना सरासरी दर न घेता वरच्या टप्प्याचा दर घ्या.

3. पऱ्हाटी खरंच फुकट आहे का?

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कापसाचं काय केलं, ते तुमच्या घरात सगळ्यांना आठवत असेल. ही अळी हंगाम संपल्यावर कुठे जाते? ती पऱ्हाटीला चिकटून राहिलेल्या वाळक्या, किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत पडून राहते. आपण ती पऱ्हाटी उपटून आणतो, घराशेजारी किंवा बांधावर तिची गंजी रचतो आणि वर्षभर थोडी थोडी जाळतो. पुढच्या हंगामात कपाशीला पात्या-फुलं लागायच्या सुमारास त्या गंजीतून पतंग बाहेर पडतात आणि शेजारच्याच शेतात अंडी घालतात. म्हणूनच कृषी विभाग सांगतो की फरदड घेऊ नका आणि पऱ्हाटीच्या गंज्या साठवून ठेवू नका.

म्हणजे बघा, आंघोळीच्या पाण्याच्या सोयीसाठी रचलेली गंजी पुढच्या वर्षीच्या बोंडात अळी होऊन येऊ शकते. फवारणीचा खर्च आणि घटलेलं उत्पन्न या "फुकट" इंधनाच्या खात्यावर मांडायला नको का?

दुसरा खर्च धुराचा. तो आईच्या डोळ्यांत आणि छातीत जमा होतो. तिसरा खर्च वेळेचा आणि भीतीचा. ज्यांच्याकडे शेती नाही त्या घरच्या बायांना मोळीसाठी जंगलात जावं लागतं. टिपेश्वर अभयारण्य आपल्याला लागून आहे. 2018 साली टी-1 वाघिणीच्या काळात राळेगाव-पांढरकवडा भागात शेतात आणि रानात पाऊल टाकायलाही लोक घाबरत होते. सरपणाची किंमत फक्त रुपयांत मोजता येत नाही, ती अशी.

4. जुना बंब वाईट होता का?

आजोबांच्या काळातला तांब्याचा बंब कुठे माळ्यावर पडला असेल तर खाली काढा आणि नीट बघा. मधोमध उभी नळी, तिच्यात जाळ, आणि नळीच्या चहूबाजूंनी पाणी. जाळाची उष्णता चुलीसारखी बाजूला पळून जात नाही, वर जाताना नळीच्या भिंतीतून पाण्याला मिळते. त्यामुळे त्याच पाण्याला उघड्या चुलीपेक्षा बरंच कमी सरपण लागतं. आजही पत्र्याचे आणि स्टीलचे बंब बाजारात मिळतात. ज्या घराला वीज किंवा सौर यंत्र परवडत नाही, त्या घरासाठी चुलीवरून बंबावर येणं ही खरी पहिली सुधारणा. मात्र बंब उघड्यावर किंवा हवेशीर जागी पेटवा, बंद मोरीत नाही. गॅस गीझरलाही हाच नियम. बंद न्हाणीघरात जळणाऱ्या गॅसमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो.

5. सौर बंब : ऊन कसं साठतं?

सौर बंबात तुमच्या पुस्तकातले तिन्ही शब्द भेटतात. सूर्याची उष्णता *प्रारणाने* काळ्या पृष्ठभागावर येते. धातूतून किंवा काचेतून ती *वहनाने* पाण्याला मिळते. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं आणि थंड पाणी खाली उतरतं, हे *अभिसरण*. पंप लागत नाही, वीज लागत नाही.

याचे दोन प्रकार असतात. एक सपाट पेटीचा, ज्यात काचेखाली तांब्याच्या नळ्या असतात. दुसरा काचेच्या दुहेरी नळ्यांचा. या दोन काचांमध्ये थर्मासप्रमाणे निर्वात पोकळी असते, म्हणून आत आलेली उष्णता बाहेर जात नाही.

100 लिटरच्या सपाट यंत्राला सुमारे 2 चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी आपल्याकडे दर चौरस मीटरला सुमारे 5 युनिट ऊन मिळतं. दोन मीटरला 10 युनिट. यंत्राने त्यातलं निम्मं जरी पकडलं तरी 5 युनिट, म्हणजे 4300 किलोकॅलरी. 100 लिटर पाण्याचं तापमान 43 अंशांनी वाढलं! आपली गरज तर 1875 चीच होती.

बसवताना एवढं तपासा :

– तोंड दक्षिणेकडे. केळापूर सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो, म्हणून कोन अक्षांशापेक्षा दहाएक अंश जास्त, म्हणजे 30 अंशांच्या आसपास ठेवा.
– छत स्लॅबचं हवं. 100 लिटर पाण्याचंच वजन 100 किलो होतं. टिनाच्या छपरावर हे चालणार नाही. तिथे अंगणात पक्का ओटा बांधून, सावली नाही अशी जागा बघा.
– थंड पाण्याची टाकी सौर टाकीपेक्षा उंचावर हवी.
– टाकी मोरीच्या जवळ ठेवा. अर्ध्या इंची नळीच्या 20 मीटर लांबीत साडेतीन लिटर पाणी मावतं. दरवेळी तेवढं थंड झालेलं पाणी आधी वाहून जातं. नळीला आवरण घाला.
– बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतात. वर्षातून एकदा सफाई ठरलेली. काचेच्या नळ्यांची सफाई सोपी, पण गावात वानरांचा त्रास असेल तर त्या फुटण्याची भीतीही आहे.

एक सावधगिरी. आपल्या भागातल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळलं आहे. पाणी तापवल्याने किंवा उकळल्याने फ्लोराइड जात नाही. सौर बंबाचं पाणी आंघोळीला आणि भांड्यांना वापरा, प्यायला नको.

6. मग घ्यायचं काय?

सूत्र सोपं आहे : परतफेडीची वर्षं = यंत्राची किंमत ÷ वर्षाची बचत.

उदाहरणापुरतं धरू की सौर यंत्र 21000 रुपयांचं आणि वीज 8 रुपये युनिट. वर्षात 120 दिवस गरम पाणी, रोज 2.2 युनिट, म्हणजे 264 युनिट. बचत सुमारे 2100 रुपये. परतफेड 10 वर्षांत.

दहा वर्षं! जाहिरातीत हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचंच पाणी चटके देतं, तेव्हा सौर बंब नुसता उभा असतो. म्हणून किंमत विचारायच्या आधी स्वतःला विचारा, "वर्षातले किती दिवस आमच्या घरात गरम पाणी लागतं?" घरात म्हातारी माणसं, बाळंतीण किंवा तान्हं बाळ असेल तर दिवस वाढतात आणि परतफेडीची वर्षं कमी होतात.

जिथे माणसं जास्त, तिथे उत्तर लगेच बदलतं. शंभर मुलांच्या वसतिगृहाला रोज 1500 लिटर गरम पाणी लागेल. चुलीवर त्याला 70 ते 107 किलो लाकूड, म्हणजे रोज जवळपास एक क्विंटल. पांढरकवडा आदिवासी विकास प्रकल्पातल्या आश्रमशाळांसारख्या ठिकाणी सौर यंत्राचा किंवा उष्णता पंपाचा विचार पहिला व्हायला हवा. उष्णता पंप हा फ्रिजचा उलटा भाऊ. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, त्यामुळे 1 युनिट विजेत सुमारे 3 युनिटांची उष्णता मिळते. मोठ्या वापराला तो परवडतो, लहान घराला त्याची किंमत जड जाते.

थोडक्यात, चूल असेल तर आधी बंब. वीज असेल तर आधी वेळ आणि तापमान यांची शिस्त. स्लॅब असेल आणि गरम पाणी सहा महिन्यांपेक्षा जास्त लागत असेल तर सौर बंब. आणि पऱ्हाटीची गंजी कुठल्याही परिस्थितीत पुढच्या पेरणीपर्यंत ठेवायची नाही. तिचे तुकडे करून खत करा.

कृती

सारख्या आकाराचे तीन डबे घ्या. एक बाहेरून पांढरा, दोन काळे रंगवा. तिन्हींत एक-एक लिटर पाणी भरा. एका काळ्या डब्यावर काच ठेवा. सकाळी 11 ते दुपारी 2 उन्हात ठेवून दर अर्ध्या तासाने तापमान नोंदवा आणि आलेख काढा.

स्वाध्याय

1. तुमच्या घरात रोज किती लिटर पाणी तापवतात? बादलीने मोजून लिहा आणि लागणारी उष्णता काढा.
2. एक दिवस चुलीत घालायच्या आधी सरपण तराजूवर तोला. तुमच्या चुलीची कार्यक्षमता किती टक्के आली?
3. घरचं वीजबिल घ्या. 65 युनिट वाढले तर बिल कितीने वाढेल?
4. पहाटे पाणी तापवायला कोण उठतं आणि त्यात किती वेळ जातो, हे सात दिवस लिहा.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. कुठलं साधन घ्यायचं ही चर्चा त्यानंतरच सुरू करा.